दौलतमामांचं अस्वल

दौलतमामांचं अस्वल आमच्या काळाचौकीत इतकं बदनाम होतं की, मामांनी स्वतःच्या लग्नाची गोष्ट काढली तरी पोरं विचारायची, "वऱ्हाडात अस्वल होतं का?"

मामा महायुद्धात इटलीत लष्कराचा ट्रक चालवायचे. तिथे कॅसिनो नावाच्या गावामागच्या डोंगरावर जर्मन ठाण मांडून बसले होते. दोस्तांच्या फौजा महिनोन् महिने डोकं आपटत राहिल्या. शेवटी माथ्यावर पोचले ते पोलंडचे सैनिक, ज्यांचा स्वतःचा देश शत्रूच्या टाचेखाली होता! इथवर सगळे मान डोलवायचे. मग मामा सांगायचे, "त्यांच्यात वोयतेक नावाचां अस्वल होतां. तोफगोळ्यांच्या पेट्या उचली!" की फुटला हशा. शेवंतीमामीसुद्धा चारचौघांत म्हणायच्या, "पुरे करा आता. लाज आणतात तुमी." ते मात्र मामांना फार लागायचं.

ब्याऐंशीच्या गणपतीत आम्ही गिरणीवाले सगळे संपावर, हात मोकळे. मी मंडळात भांडून कॅसिनोचा देखावा मंजूर करून घेतला. आमच्या फिटरांनी मोटर जोडली आणि अस्वल पेटी वरखाली करायला लागलं. काय आनंद झाला! पण सजावटवाल्या जगनने सवयीने घोळ घातलाच. गणपतीपुढचं अस्वल म्हणजे जांबुवंतच, असं धरून त्याने मुकुट चढवला, गंध लावलं, मोत्यांची माळ घातली. मामा हिरमुसले.

दुसऱ्याच संध्याकाळी गोदीतला धोंडू तीन गोरे खलाशी घेऊन मंडपात शिरला. मामांची सगळ्यात जास्त टर हाच उडवायचा.

"मामा, असली पोलंडवाले आणलेत, डायरेक्ट बोटीवरून! अस्वलाचं एक अक्षर बोललो नाय यांना. आता होऊनच जाऊ दे!"

गल्ली खच्चून भरलेली, आणि मामी अगदी पुढे, आरतीचं तबक घेऊन. मामा माझा दंड धरून पुटपुटले, "तो मुकुट काढ रे. वळखूचे नाय ते." पण मोटर चालू झाली होती.

खलाशांतला पिकल्या केसांचा एक जण थबकला. त्याने मुकुट पाहिला. वर जाणारी पेटी पाहिली. आणि असा ओरडला की ताशेवाल्याच्या काड्या हवेतच थांबल्या.

"वोयतेक!"

तो हसतही होता आणि रडतही होता. "वोयतेक! वोयतेक!" त्याचा थोरला भाऊ त्याच फौजेत होता, असं त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मग जो गलका उठला! ताशा कडाडला, धोंडूने मामांना खांद्यावर घेतलं, मी वेड्यासारखा नाचलो.

मामी मात्र तबक माझ्या हातात देऊन सरळ देखाव्यात चढल्या. त्यांनी अस्वलाचा मुकुट उतरवला, पदराने गंध पुसलं आणि गल्लीकडे वळून ठणकावलं,

"ह्यो जांबुवंत नाय. ह्यो वोयतेक. आमच्या ह्यांच्या वळखीचो."