डाव्या पायाखालची पाचर

थांबा, ती लोणच्याची बरणी माझ्यावर ठेवण्याआधी जरा ऐकून घ्या. मी टेबल नाही हो! मी पिनबॉल बोलतोय, झाशीच्या नगरा वस्तीतला, रेल्वे क्वार्टरच्या ओसरीत हातांनी घडवलेला. आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा एखादा शब्द वावगा गेला तर सांभाळून घ्या.

मला दोघांनी जन्म दिला. गजानन हा रूळ दुरुस्तीच्या टोळीवरचा मिस्त्री, आणि त्याचे शेजारी अनंतराव सिग्नलच्या तारा नि बॅटऱ्या सांभाळणारे. अनंतराव एकदा लष्करी छावणीत ओळखीच्या हवालदाराकडे गेले होते. तिथल्या कँटीनमध्ये त्यांनी विलायती पिनबॉल पाहिला. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर पळणारी पोलादी गोळी, आपटेल तिथे घंटी. गोळी खाली घरंगळायला लागली की बटण दाबायचं, आणि दोन लाकडी पंजे तिला पुन्हा वर हाणतात. हे गृहस्थ परत आले ते घरीसुद्धा गेले नाहीत, थेट गजाननच्या दारात.

"गजानन, आपण करू या का रे एक?"

"करू की! त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते कळायला दोघांना तीन वर्षं लागली.

माझी फळी लिलावात घेतलेल्या जुन्या डब्याच्या सागवानी बाकाची. गोळी बेअरिंगमधली, रबरं सायकलच्या ट्यूबची, घंट्याही सायकलच्याच. तारेची वेटोळी अनंतरावांनी हातांनी गुंडाळली. वेढे मोजताना कुणी हाक मारली की आकडा विसरायचे, कपाळावर हात मारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या बायकोनं, इंदिराबाईंनी, माझ्यावर बारीक कुंचल्यानं दतिया, ग्वाल्हेर, ललितपूर, बीना अशी स्टेशनं रंगवली. हे काय बनवताय म्हणून शेजारचे लोक कुंपणावरून विचारायचे, "मिस्त्री जी, जो का बना रए?" गजानन आतून ओरडायचा, "पागलखाना, भैया!" आणि दोघं पोट धरून हसायचे. काय दिवस होते ते!

गजाननला वेड एकाच गोष्टीचं, सपाटीचं. "रुळाखाली खडीचं पॅकिंग एक सूत कमी पडलं तर इंजिनसुद्धा शिवी देतं," असं तो म्हणायचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दर रविवारी तो माझ्यावर पाणसळ आडवी ठेवायचा आणि तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आल्याशिवाय कुणाला खेळू द्यायचा नाही. अनंतरावांनी माझ्या पोटात पितळी कड्यामध्ये एक ओळंबा टांगला होता. कुणी मला धसमुसळेपणानं हलवलं की ओळंबा कड्याला टेकायचा, लाल दिवा लागायचा आणि ती गोळी बाद. "लाल म्हणजे लाल," ते म्हणायचे, "मग तो साहेब असो नाहीतर मी." असल्या दोन माणसांच्या हातचा मी. मला तर बुवा, गर्वच झाला होता.

मग अनंतरावांच्या बदलीचा हुकूम आला, भुसावळला. आता मी कुणाकडे राहायचं? शेवटी अनंतराव म्हणाले, "पाच-पाच गोळ्या खेळू. जिंकेल त्याचा." येत्या रविवारी सकाळी खेळायचं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गजानन एकटाच ओसरीत आला. हातात सागवानाची एक पाचर. त्यानं माझा मागचा डावा पाय उचलला आणि ती खाली सरकवली. मला वाटलं, फरशी खचली असेल, बिचारा नीट करतोय. मग त्यानं पाणसळ ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. गजाननने तो बघितला, मान हलवली आणि पाणसळ पेटीत ठेवून दिली.

बरोब्बर एक सूत!

त्या कलत्या फळीवर तो रविवारपर्यंत रोज सराव करत होता.

रविवारी कमलवहिनींनी, म्हणजे गजाननच्या बायकोनं, सगळ्यांसाठी पोहे केले. पाणसळ त्या दिवशी पेटीतून बाहेर आलीच नाही, आणि अनंतरावांनी मागितलीही नाही. अनंतराव आधी खेळले. त्यांच्या गोळ्या उजवीकडे ओढल्या जात होत्या, आणि त्यांना कळेना असं का होतंय. तिसऱ्या गोळीला त्यांनी सवयीनं मला तळव्यानं हळूच थोपटलं, लेकराला थोपटावं तसं. मी कललेला, ओळंबा आधीच कड्याजवळ आलेला; तेवढ्यानं लाल दिवा लागला!

अनंतराव जागच्या जागी थिजले. ओळंबा त्यांनीच टांगला होता, तो उगाच टेकणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग गजाननच्या चेहऱ्याकडे. मी आतून ओरडत होतो, वाका! बोला! विचारा त्याला!

ते म्हणाले, "माझाच हात जड पडला."

उरलेल्या गोळ्या त्यांनी कशाबशा संपवल्या. गजानन मला न हलवता, न थोपटता खेळला आणि जिंकला.

निघताना, कमलवहिनी आत असताना, इंदिराबाई हसून म्हणाल्या, "बरंच झालं हो गजाननभाऊ. हे घरी म्हणतच होते, भुसावळला एकच खोली मिळणार, तिथे कुठं ठेवायचा? मुद्दाम हरतो म्हणाले, पण खेळतो. तेवढीच आठवण."

अहो, जे आपणहून मिळणार होतं त्यासाठी या माणसानं मित्राचा केसानं गळा कापला, आणि तोही माझ्या हातून! पण माझा राग अनंतरावांवरही आहे. तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि मला तसंच वाकडं सोडून गेलात?

त्यांची गाडी निघाली त्या दिवशी गजानन स्टेशनवर गेला नाही. ड्यूटी आहे म्हणाला. बसला होता इथेच. त्यानंतर त्यानं माझी बॅटरी कधी जोडली नाही. माझ्यावर बरण्या आल्या, गाद्या आल्या. दर दिवाळीला भुसावळहून पत्र यायचं, "आपला पिनबॉल कसा आहे?" गजानन लिहायचा, "छान आहे."

गेल्या आठवड्यात तो रिटायर झाला. क्वार्टर सोडून शहरात लक्ष्मी गेटला राहायला जायचंय. आवराआवरीत कमलवहिनींच्या हाताला पाचर लागली.

"अहो, ही काय इथं? कुणी लावली?"

गजाननने त्या पाचरीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता बोलेल. म्हातारा झालाय, कुणाला भ्यायचंय आता?

तो म्हणाला, "अनंतानं लावली असेल. हरायचं नव्हतं ना त्याला."

"अगं बाई! अनंतरावांनी? आणि मी त्यांना देवमाणूस समजत होते!" असं म्हणून वहिनींनी पाचर शेगडीत टाकली. यंदा भुसावळला फराळाचा डबा पाठवायचा नाही, असंही त्या म्हणाल्या. गजानन पुढची गादी गुंडाळायला लागला.

आता मी सरळ उभा आहे. पण भुसावळला कुणी जाणार असाल, तर सिग्नलवाल्या अनंतरावांना माझा निरोप द्या. म्हणावं, पाचर निघाली, पण आळ तुमच्यावर आलाय. एकदा या. आणि या वेळी गप्प बसू नका.