आतबाशीच्या गॅरेजातला तपासदिवा

मित्रांनो, स्वस्थ बसणं कधीच न जमलेला मी एक जुना तपासदिवा आहे. पेचकसासारखी मूठ, पुढे टोकदार सुई, पोटात इवलासा बल्ब आणि मागे चिमट्याची लांब वायर. वीज मिळाली की मी पेटतो.

मेकॅनिक बुरुलसुनच्या वडिलांनी आतबाशी गावातल्या आपल्या गॅरेजात मला स्वतः जोडलं. ते गेल्यावर मी तिच्या हाती आलो. घाटात अडलेल्या कितीतरी गाड्या आम्ही चालू केल्या. मग आकडे दाखवणारा मीटर आला आणि मी खणात पडलो. चार हिवाळे तसाच. बाहेर गाडी खोकली, की जीव वरखाली व्हायचा.

एका सकाळी गावातल्या सागिनने आपली गाडी ढकलत आणली. आत शाळेचे म्हातारे शारशेन मास्तर, पाय सुजलेले. आठवड्यातून दोनदा त्यांचं रक्त मशीनवर शुद्ध करायला नारिन शहरातल्या इस्पितळात न्यावं लागे. बर्फामुळे मागची खेप चुकली होती.

"टाकीतला पेट्रोलचा पंप गप्प आहे," बुरुलसुन म्हणाली. फ्यूज धड होता. पंपाच्या सोडवलेल्या वायरींवर मीटरने पुरते बारा व्होल्ट दाखवले. म्हणून तिने पंपच बदलला. तरी गाडी ढिम्म.

"ताई, मीटर खोटं बोलतो का?" सागिनने विचारलं.

"खोटं नाही, अर्धंच सांगतो."

"सावकाश कर, पोरी. मी कुठे पळून जातोय?" मास्तर म्हणाले. पण त्यांना धाप लागली होती.

तिने खण उघडला. माझी सुई पंपाच्या वीजवायरीवर, चिमटा वीज परत नेणाऱ्या अर्थिंगच्या वायरीला. सागिनने चावी फिरवली. मी निखाऱ्यासारखा मलूल पेटलो.

"मीटरला थेंबभर वीज पुरते. याला पोटभर लागते," ती पुटपुटली. मग तिने चिमटा गाडीच्या उघड्या पत्र्याला लावला. मी लख्ख पेटलो.

"वीज येतेय रे. परतीची वाट अडलीय."

ती अर्थिंगची वायर पत्र्याला जोडणारा सीटखालचा बोल्ट गंजून गेला होता. तिने तो पॉलिशपेपरने घासला, आवळला. पंप गुणगुणू लागला.

"जुना पंप चांगला होता. चूक माझी," ती म्हणाली.

"मग चहा तुझ्याकडे," म्हणत मास्तर हसले.

सागिन मास्तरांना घेऊन नारिनला निघाला. दुपारपर्यंत बुरुलसुन फोनकडे बघत राहिली. अखेर सागिनचा फोन आला: मास्तरांना मशीन लावलं होतं. बुरुलसुनने माझी सुई पुसली.

मित्रांनो, माझी सुई पुसून ठेवा, वायर दुमडू नका. आणि कुणी मलूल दिसला, तर त्याला मोडका म्हणण्याआधी त्याची वाट कुठे अडलीय, तेवढं बघा.