रिकाम्या पाण्यावरचे करकोचे

पहाटेच्या धुक्यात खांद्यावर एक तळवा टेकायचा. खरखरीत, ऊबदार, सुताच्या कांजीचा वास असलेला. तो मला हलकेच वळवायचा आणि दुर्बिणीत पक्षी अलगद येऊन बसायचा. लक्ष्मीअक्काची ओळख मला अशी शब्दांआधी स्पर्शाने झाली. तळ्याच्या काठी बोलायचे नाही, हा आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाचा नियम मीच घातला होता. माणसे जमवणे, डबे ठरवणे, पक्षी मोजणे ही कामेही माझीच. घरात तेलुगू बोलणारी, यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली अक्का, निवृत्त शिक्षक शेखसर आणि मी. एरवी शहरात आमचे रस्ते कधीच एकमेकांना मिळाले नसते. काठावरच्या त्या शांततेने आम्हाला वर्षानुवर्षांचे मैत्र दिले.

हिवाळा म्हणजे करकोचे. ज्वारी हुरड्यात आली की राखाडी पंखांच्या माळा उत्तरेकडून उतरत आणि त्यांच्या कर्कश, करुण कोलाहलाने तळ्यावरचे आकाश भरून जाई. अक्का तेव्हा डोळे मिटून घ्यायची आणि नियम मोडून हसायची, "आमच्या मागापेक्षा लई गोंगाट करत्यात की!"

पुढे मधुमेहाने तिची दृष्टी झिजवत नेली. आधी पलीकडचा काठ गेला, मग पाणी, मग आमचे चेहरे. मूत्रपिंडेही थकली. पुढच्या हिवाळ्याबद्दल डॉक्टर काही बोलेनात. तिचे मागणे एकच होते, करकोच्यांखाली अजून एकदा उभे राहायचे.

संक्रांतीनंतर आम्ही तिला काठावर नेले. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळलेला. जागोजागी पाणी साचलेले, आणि करकोचे भलतीकडेच कुठे उतरलेले. समोर तळे विझलेल्या चुलीसारखे पडले होते.

"आले का गं?"

शेखसरांनी माझ्याकडे पाहिले. "आगये अक्का. भोत हैं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्याच पद्धतीने तिला हलकेच वळवले, रिकाम्या पाण्याकडे.

वाऱ्याला कान देऊन ती बराच वेळ उभी राहिली.

"लई गप हायेत की आज," ती म्हणाली. मग चाचपत तिने माझी बोटे धरली. "मोज की. तुझं कामच हाय ते."

मी मोजू लागले. एक, दोन, तीन. न थांबता मोजत राहिले.

"हळू," ती पुटपुटली. "उडून जातील."

शेखसर पाठ फिरवून उभे होते.

उन्हाळ्यात अक्का गेली.

यंदा करकोचे आले आहेत. त्यांच्या कल्लोळाने सारे तळे थरथरते. मी आणि शेखसर काठावर उभे राहतो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दुर्बीण डोळ्यांना लावते, मोजायला घेते, आणि आकडा पुनःपुन्हा निसटतो. आकाश एवढे भरलेले असूनही त्या सकाळी रिकाम्या पाण्यावर आम्ही तिघांनी जे पाहिले, तितके लख्ख आता काहीच दिसत नाही.