फिरवायची राहिलेली थाळी

सेपाच्या खाणावळीत कुणी जेवता जेवता मध्येच उठलं, की बाकीच्यांच्या थाळ्यांवर तिची झडप पडलीच म्हणून समजा. सुट्टीला आलेली माणसं भाजलेला मासा चिवडत, शहाळी पीत निवांत बसलेली असायची. त्यांतला एखादा बोट गाठायला निघाला, की सेपा हातातला झारा टाकून धावायची आणि मागे राहिलेल्यांच्या थाळ्या जागच्या जागी गोल फिरवायची. जेवणं चालू असताना निघालेला माणूस सुखरूप पोचावा, म्हणून. सिकिहोर बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. परदेशी पाहुण्यांना गंमत वाटायची, ते फोटो काढायचे. काढोत बापडे.

स्वतः सेपा मात्र दोन वर्षांत ताटावर बसली नव्हती. चुलीशी उभ्याउभ्याच वाटीतला भात पोटात ढकलायची.

आज तिने पहाटेच कोंबडी कापली होती. सून रोवेना दुपारी बाराच्या बोटीने निघणार होती. आधी सेबू, मग तिथून हाँगकाँग, कुणाच्या तरी घरची म्हातारी माणसं सांभाळायला. सेपाने आल्याचा रस्सा केला, उतरवताना शेवग्याचा पाला टाकला आणि समुद्राकडच्या टेबलावर दोन थाळ्या मांडल्या. बेत सरळ होता. दोघींनी जेवायला बसायचं, तीनचाकी आली की रोवेनाने घास टाकून उठायचं आणि सेपाने आपली थाळी फिरवायची. जेवत्या माणसाने स्वतःच्या हाताने आपली थाळी फिरवली, तर ती अधिक पावते. एवढं एकदा हातून घडलं, तर जिवाला लागलेला घोर थोडा तरी हटेल, असं तिला वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर तिचा मुलगा सांतो जेवत होता. चार घास झाले असतील नसतील, तोच पाहुण्यांनी हाका मारल्या. त्यांना समोरच्या वाळूच्या पट्टीवर बसून खायचं-प्यायचं होतं. समुद्र खवळलेला होता. सेपा म्हणाली, जाऊ नकोस. तो म्हणाला, बिचारे वर्षातून एकदा सुट्टीला येतात, नानाय. आईला तो नानाय म्हणायचा. तिची पातेली होडीत भरून तो निघाला. रोवेनाने लगेच आपली थाळी फिरवली. आणि सेपाने रागाच्या भरात आपली थाळी तळहाताने दाबून धरली. जा म्हणावं, तुला पाहुणेच प्यारे. रागाचं आयुष्य ते किती? तो परतल्यावर तीच त्याला गरम भात वाढणार होती.

पाहुण्यांना त्याने किनाऱ्यावर सुखरूप आणून सोडलं. मग पातेली पट्टीवरच राहिली म्हणून एकटा परत गेला. नानाय रागावेल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी रिकामी होडी तेवढी सापडली.

थाळी दाबल्याचं सेपाने कुणालाही सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबांनाही नाही.

अकरालाच रोवेना बॅग घेऊन आली. मागे तीनचाकी घरघरत उभी होती.

"अगं, बस की. एवढी कसली घाई?"

"भूक नाही, नानाय."

"भूक नाही म्हणे! कालपासून काय वारा खाऊन आहेस? तिकडे तुला रस्सा कोण वाढणार, मालकीण?"

"तिलाच मी वाढायचाय." रोवेना हसली, पण बॅग काही खाली ठेवली नाही.

"बोट बाराची आहे, पोरी. नुसते दोन घास खा. माझ्यासाठी."

"म्हणूनच आत्ता निघतेय. मला ताटावरून उठून जायचं नाही."

सेपाच्या हातातली पळी थांबली. "का गं?"

रोवेनाने टेबलावरच्या थाळ्यांकडे पाहिलं. "मी पाहिलं होतं, नानाय. तुमचा हात."

सेपाने पळी खाली ठेवली. "दोन वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस."

"बोलून तो परत येणार होता का? आणि तुम्ही कुठे जिवंत होतात? मेलेल्याला आणखी काय मारायचं?" तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "राग नाही हो माझा. देवाशपथ नाही. पण भीती वाटते. तुमच्या ताटासमोरून उठून जायचा धीर होत नाही मला."

तिने वाकून आशीर्वादासाठी सासूचा हात आपल्या कपाळाला लावला. तोच हात. आणि ती जाऊन तीनचाकीत बसली.

पण खाणावळीत कुणी ना कुणी जेवत असतंच, हे ती विसरली होती. पलीकडे मनिलाहून सुट्टीला आलेलं एक कुटुंब भाजलेल्या माशावर लिंबू पिळत बसलं होतं. त्यांतल्या म्हाताऱ्या बाईने बॅग पाहिली. "चला रे, पोरगी लांब निघालेली दिसतेय," असं म्हणत तिने आपली थाळी फिरवली. पोरांनी हसत-खिदळत आपापल्या फिरवल्या. कोण, कुठली, कुणी विचारलंही नाही.

तीनचाकी वळणापर्यंत पोचली होती. सेपा धपकन बाकावर बसली, थाळीत पळीभर रस्सा ओतून घेतला आणि भाताचा घास तोंडात कोंबला. जीभ पोळली. घास तसाच गिळून तिने थाळीची कड धरली.

थाळी फिरली. जराही जोर लागला नाही.

तीनचाकीचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. "सांतो," ती पुटपुटली आणि तिने थाळी पुन्हा फिरवली. पुन्हा. पुन्हा. मनिलाची म्हातारी जेवायची थांबून तिच्याकडे बघू लागली. रस्सा डुचमळून टेबलावर सांडत होता, तरी सेपा थाळी फिरवतच होती.