उजवा कौल

आमच्या घरात माझं तोंड बंद करायचं असलं की सगळ्यांना माझ्या छातीची काळजी वाटायला लागते. ‘ताई, शांत हो, छाती सांभाळ.’ भाऊ म्हणतो, भावजय म्हणते, पूर्वी आईबाबा म्हणायचे. मी बावीस वर्षांची असताना टेलिफोन खात्यात लागण्याआधी तपासणी झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी माझ्या हृदयात जादा आवाज ऐकला. मर्मर म्हणतात त्याला. तेव्हापासून मी घरातली काचेची बरणी झाले. लग्न नाही, फुगडी नाही, लिफ्ट बंद असली तर चौथ्या मजल्यावर चढणं नाही. नोकरी मात्र अडतीस वर्षं केली. नोकरीला चाललेलं काळीज लग्नाला का चाललं नाही, हा साधा प्रश्न मला बेचाळीस वर्षांत एकदाही पडला नाही. त्याचीच मला आता सगळ्यात जास्त किळस येते.

खोटं कशाला बोलू, त्या छातीचा मीही वापर केला. कुणाच्या बारशाला जायचा कंटाळा आला, भावजयीच्या माहेरची मंडळी येऊन टेकली, की माझा हात छातीवर जायचा. लगेच कुणीतरी पाणी आणायचं. अशी सवय लागली की माणूस आपल्या दुखण्याला सोडायला तयार नसतो.

तर यंदाच्या जानेवारीत हेच दुखणं माझ्या भाचीच्या वाट्याला आलं. अक्षता ही शिवदासची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, एकुलती एक मुलगी. वय सत्तावीस. तिला अंधेरीला नवी नोकरी लागली आणि कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला बसवून, आडवं करून, दोनदा ऐकलं आणि कागदावर लिहून दिलं, ‘मर्मर. टू-डी इको करून घ्यावा.’ लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. मुलगा बोरिवलीचा, सिद्धेश नावाचा.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने तो कागद बापापुढे ठेवला. शिवदास दातातली सुरमई काडीने कोरत होता. त्याने कागद वाचला, काडीच्या टोकाला काय आलं ते नीट बघितलं आणि ते ताटाच्या कडेला पुसलं.

“इको-बिको लग्नानंतर,” तो म्हणाला.

“पण बाबा, डॉक्टर म्हणाले लवकर करा.”

“अगं, रिपोर्ट आला आणि सांगितला नाही, तर आपण लपवलं असं होतं. रिपोर्टच नाही, तर लपवलं काय? कुणी उद्या बोट दाखवू शकणार नाही.”

भावजय प्रेमा भांडी उचलता उचलता म्हणाली, “पत्रिका वाटून झाल्यात. हॉल झालाय. आता कुठे नवीन खूळ काढता?”

पोरीच्या काळजाला हिने खूळ म्हटलं. मीही तिच्याबरोबर भांडी उचलायला लागले. मला वाटलं, माझ्यासारखंच असेल, काय होतंय त्याने, मी जगलेच की. हे असं वाटलं, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी अक्षता माझ्या खोलीत आली आणि माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसली. मोबाइलवर वाचून वाचून तिचे डोळे लाल झाले होते.

“आत्या, तुला पण आहे ना? दुखतं का गं?”

“नाही.”

“मी रात्री मनगट धरून मोजत बसते. मध्येच वाटतं, एक ठोका चुकला. यात लिहिलंय व्हॉल्व गळत असेल, ऑपरेशन लागतं, कधी कधी माणूस झोपेतच जातो. आणि आई विचारते, पार्लरचं बुकिंग केलंस का. मला नुसतं कळलं पाहिजे गं, काय आहे ते. काही असलं तरी चालेल.”

काही असलं तरी चालेल, पण कळलं पाहिजे. बाविसाव्या वर्षी हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं नाही, याचा विचार करत मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मंगळवारी शिवदासने जाहीर केलं की गावी देवाला कौल लावायचा. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कोकणात मोठं काम देवाला विचारून करतात. गुरव देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि वाट बघतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझा देवावर राग नाही. तो बिचारा विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो.

माझ्याही लग्नाच्या वेळी बाबांनी असाच कौल लावला होता. बाबा म्हणजे धाकू गिरणीवाले, सगळी चाळ त्यांना त्याच नावाने ओळखायची. संपात गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही. मला तेव्हा गोरेगावचं स्थळ आलं होतं, स्टुडिओत पडदे रंगवणारा मुलगा. कांदेपोहे खाताना तो मला म्हणाला, “मी दिवसभर डोंगर रंगवतो, पण खरा डोंगर चढायला जोडीदार नाही.” मला तो आवडला होता. मग बाबा आणि एकोणीस वर्षांचा शिवदास गावी जाऊन आले आणि आई म्हणाली, देवाने नको सांगितलं, तुझ्या जिवाला धोका आहे. मी मान हलवली. एवढंच.

मंगळवारचा कौल व्हिडिओ कॉलवर झाला. शिवदासने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा केला. मी अंघोळ करून, हात जोडून मागे उभी राहिले. मला वाटलं, विचारतील की पोरीच्या जिवाला काही नाही ना. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराचा लगीन ठरला हा. मुलाकडच्या माणसांका ह्या दुखण्याचा सांगूक नको असात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” शिवदास आणि प्रेमा एका सुरात म्हणाले.

मी जोडलेले हात सोडले. प्रश्न हा होता, सांगायचं की लपवायचं. पोर जगेल का, हा नव्हता. अक्षता दारात उभी होती, तिने ऐकलं आणि ती आत निघून गेली. इतक्यात नेटवर्क गेलं. पडद्यावर गुरव तोंड उघडं टाकून गोठला, देवाच्या अंगावर दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

“पडलो काय?” शिवदास ओरडला.

थोड्या वेळाने नुसता आवाज आला, “उजवो पडलो, उजवो.” चित्र तसंच गोठलेलं होतं. शिवदासने मोबाइलला नमस्कार केला.

“अरे, तिच्या काळजाचं कुणी विचारलं का?” मी म्हटलं.

“ताई, तू शांत हो. छाती सांभाळ.”

त्याच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती, हे आणखी घाणेरडं.

दुसऱ्या दिवशी ब्लाउजची ट्रायल आहे असं सांगून मी अक्षताला घेऊन घाटकोपरहून मुलुंडला गेले. तिच्या मैत्रिणीने सांगितलेल्या डॉक्टर होत्या, रेवती नावाच्या, चाळिशीच्या, पटापट बोलणाऱ्या. त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं, मग ऐकलं, मग अक्षताला डाव्या कुशीवर झोपवून छातीवर तो थंड चिकट जेल लावला. काळ्या पडद्यावर तिचं हृदय दिसायला लागलं. पापण्यांसारखं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. मी खुर्चीची कड धरून बसले. पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“डोळे उघड,” डॉक्टर म्हणाल्या. “हे बघ, हे व्हॉल्व. एकही गळत नाहीये, एकही अरुंद नाहीये. हृदय झकास आहे तुझं.”

“मग आवाज?”

“हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ आहे. काय खातेस?”

अक्षता ओशाळली. “काकडी. ग्रीन टी. लग्नाच्या फोटोंसाठी.”

“रक्त कमी असलं की ते पातळ होतं आणि हृदय ते जोरात ढकलतं. नळाला जोराचं पाणी आलं की पाईप आवाज करतो ना, पण पाईप फुटलेला नसतो, तसं. लोहाच्या गोळ्या घे, नीट जेव, आवाज जाईल. पण सगळे मर्मर असे नसतात हं. काहींचा व्हॉल्व खरंच खराब असतो. नुसतं ऐकून नक्की सांगता येत नाही, म्हणून तर आत बघायचं.”

अक्षता रडायला लागली. रडता रडताच नाक पुसत म्हणाली, “डॉक्टर, माझ्या आत्याचंही बघा ना. तिला बेचाळीस वर्षं आहे.”

“आधीचे रिपोर्ट?”

“नाहीत,” मी म्हटलं.

“एकही नाही?”

त्यांनी स्टेथोस्कोप लावला. पुढून, मागून, बसवून, झोपवून. मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, “मला काही ऐकू येत नाहीये.” मग माझ्याही छातीवर तो जेल आला, आणि चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा माझं हृदय पाहिलं. ते मन लावून काम करत होतं.

“वयाप्रमाणे आहे. उत्तम आहे. तेव्हा तुमचंही रक्त कमी असणार, आजी. काही खायचे-प्यायचे हाल होते का त्या वर्षी?”

संपाचं दुसरं वर्ष सरलं होतं. घरात एकदाच भात शिजायचा आणि मी आधी शिवदासला वाढायचे, त्याची परीक्षा म्हणून. बाहेर येऊन बेसिनपाशी गेले आणि ओकले. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं तरी तोंडाची कडू चव जाईना.

रिक्षात अक्षताने रिपोर्टचा फोटो काढून स्वतःच सिद्धेशला पाठवला. त्याचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं. ‘पालक खा. आणि हे आधी सांगायला काय झालं होतं?’ ती हसली. मला हसता आलं नाही.

घरी शिवदासला कळल्यावर तो आधी चिडला, मग सगळं चांगलं निघालंय म्हटल्यावर खाली जाऊन पेढे घेऊन आला. बॉक्स उघडून त्याने एक तोंडात टाकला, बोटं चाटली आणि त्याच बोटांनी दुसरा उचलून माझ्यापुढे धरला.

“बघ ताई. उजवा कौल. देवाने सांगितलंच होतं.”

त्याच्या नखावर पेढ्याचा चुरा चिकटला होता. मी त्याचा हात बाजूला केला.

“शिवदास, माझ्या वेळी बाबांनी देवाला काय विचारलं होतं?”

“आता ते कशाला?”

“तू होतास तिथे. शब्दन् शब्द सांग.”

तो पेढा बॉक्समध्ये परत ठेवायला लागला, मग ठेवू की नको असं त्याला झालं. प्रेमा ओट्यापाशी पाठमोरी होती. ती न वळता म्हणाली, “सांगा ना आता. किती वर्षं झाली.”

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. माझ्या हातचं जेवली, माझ्या पेन्शनीवर हिने पडदे बदलले, आणि हिलाही ठाऊक होतं.

शिवदास खाली बघून म्हणाला, “बाबांनी विचारलं, कमल घरात रवली तर घर तरात काय. म्हणजे तू घरातच राहिलीस तर. उजवा पडला.”

“आणि जिवाला धोका?”

“ते आईने सांगितलं. तुला बरं वाटावं म्हणून. डॉक्टरांनी बाबांच्या हातात चिठ्ठी दिली होती गोळ्यांची, रक्त वाढायच्या. बाबा म्हणाले, नंतर बघू. ताई, तेव्हा बाबांचं कामच नव्हतं. मी शिकलो ते तुझ्यामुळेच, मी कधी नाही म्हटलंय का?”

देव खोटं बोलला नव्हता. घर तरलं होतं. चौथ्या मजल्यावर, लिफ्टसकट तरलं होतं. जो प्रश्न विचारला त्याचं त्याने चोख उत्तर दिलं होतं, आणि माझ्या काळजाचं बाबांनी विचारलं नाही, आईने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. तो डोंगर रंगवणारा मुलगा कुठे असेल, जिवंत तरी असेल का, तेही मला ठाऊक नाही.

“एवढी वर्षं,” मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, “एवढी वर्षं तुम्ही मला पाणी आणून दिलंत. जिना चढू नको म्हणालात. तुला माहीत होतं रे. तुला सगळं माहीत होतं.”

शिवदासचा चेहरा कावराबावरा झाला. आणि त्याच्या तोंडून, अगदी सवयीने, निघून गेलं, “ताई, तू शांत हो. छाती सांभाळ.”

मग अक्षताने तिच्या पर्समधून माझा रिपोर्ट काढला आणि बापाच्या पुढ्यात, पेढ्यांच्या बॉक्सवर ठेवला.

“मोठ्याने वाच, शिवदास,” मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत म्हटलं. “सगळा वाच. मग मी बोलते. मला पुष्कळ बोलायचंय.”