पाहिला की पुसायचा

"हात सैल सोड. पाहुण्यासारखा ताठ उभा राहू नकोस, नेहमी राहतोस तसा राहा," टेलरबाई म्हणाल्या. तोंडात टाचण्या असल्या तरी त्यांचं बोलणं कधी अडायचं नाही.

आरशापुढे लिफ्टवाल्यांचा मुलगा उभा होता. अंगात बापाचा कोट. कोट बाईंनीच शिवलेला, त्यामुळे कुठे किती आत घ्यायचा हे मापाची टेप न लावताही कळत होतं. बाप खांद्यांत रुंद आणि पोटाने सुखवस्तू. पोरगा म्हणजे नुसती काठी. सोमवारी त्याला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि बाबांचाच कोट घालून जायचं होतं. लिफ्टवाले जाऊन नऊ दिवस झाले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरलेला माणूस, घरी चहा पिता पिता गेला. बायको पाच वर्षांपूर्वीच गेलेली.

"भिंतीवर लावायला बाबांचा एक धड फोटो नाही, काकू," मुलगा म्हणाला. "सगळे फोनमध्ये, आणि फोनला लॉक. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला म्हणाला, आण, लॉक तोडून आतलं सगळं काढून देतो. इथून तिकडेच चाललोय."

टाचणी बाईंच्या बोटात घुसली. पोराच्या अंगात घुसली नाही, हेच नशीब.

त्या फोनवर बाईंचा एक फोटो गेला होता. सख्ख्या बहिणीलाही दाखवला नसता असा. वय चोपन्न, नवरा जाऊन एक तप उलटलेलं, आणि या वयात ही अवदसा आठवली! दोन महिन्यांपूर्वी याच आरशापुढे, दुकानाचं दार लावून काढलेला. चेहरा येऊ दिला नव्हता, तेवढी अक्कल शाबूत होती. पण आरशाचा तडकलेला कोपरा आणि त्यावरची निळी चिकटपट्टी फोटोत स्वच्छ आली होती. अन् हा आरसा कुणाला ठाऊक नाही? अर्ध्या वस्तीची मापं त्याच्यासमोर घेतलेली.

सुरुवात लिफ्टवाल्यांनी केली होती, पण तीही रीतसर विचारून. "एक फोटो पाठवू का? नको असेल तर सरळ नको म्हणा." मग आला, उघड्या अंगाचा, पोट आत ओढून धरलेला, आणि ओढता ओढता हसू फुटलेलं. बाई हसून हसून बेजार झाल्या. आणि मग हिंमत करून त्यांनीही आपला पाठवला. अट एकच, दोघांनाही: पाहिला की पुसायचा. "पुसला," असं लिफ्टवाल्यांनी लगेच कळवलं. "मीही," बाईंनी लिहिलं.

बाईंनी त्यांचा पुसला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आपण पुसला नाही, तर त्यांनी तरी कशावरून पुसला असेल?

नऊ दिवस बाईंचा जीव मुठीत होता. शेजारची टायपिंगवाली दिवसभर वकिलांचे कागद टाइप करते, तिला अर्धा कायदा पाठ. तिला त्यांनी विचारून पाहिलं होतं, एका गिऱ्हाईक बाईची गोष्ट म्हणून.

"तिच्या संमतीशिवाय कुणी पसरवला तर गुन्हा आहे. आत जाईल तो," टायपिंगवाली म्हणाली होती.

"मग झालं तर!"

"कसलं झालं? तक्रार केली की फोन जप्त. पुरावा म्हणून आधी हवालदार बघणार, मग साहेब, मग वकील. कायदा शिक्षा देईल हो, पण बघितलेलं कुणाच्या डोळ्यांतून काढून देत नाही. त्या तुमच्या बाईला सांगा, काय करायचं ते पसरायच्या आधी कर म्हणावं."

आता मोबाइलवाल्याचं दुकान बाईंच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तिथे कायम चार रिकामटेकडे बसलेले. एकाने बघितलं की चौघांनी बघितलं, आणि चौघांनी बघितलं की संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून दुसरं गाव शोधायचं. 

"तिकडे जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला उघडता येतो तो फोन."

"तुम्हाला?"

"तळ, तिसरा, सहावा, पुन्हा तळ. शून्य, तीन, सहा, शून्य."

मुलगा गर्रकन वळला. अशी लिफ्टची भाषा जगात एकच माणूस बोलायचा.

बाईंनी टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. हे तोंड मोकळं करूनच बोलायला हवं होतं. "त्यात माझा एक फोटो आहे. मीच पाठवला होता त्यांना. तू बघू नयेस असा. तेवढा पुसते, मग फोन तुझा. रागवायचं तर रागव, बोलायचं ते बोल, पण आधी तेवढं करू दे मला."

पोराचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो कोटाच्या बाहीतली टाचणी चाचपू लागला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"बाबा कधी बोलले नाहीत."

"तुला नोकरी लागली की सांगणार होते."

त्याने खिशातून फोन काढला, यंत्रावर ठेवला आणि टाचण्यांसकट कपडे बदलायच्या खोपटात जाऊन पडदा ओढून घेतला. "आवरा," आतून आवाज आला. "मी बघत नाही."

बाईंनी आकडे दाबले. फोन उघडला. झिजलेले दोर, जळलेल्या मोटारी, मुलाचा निकाल, या दुकानाची पाटी. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा खालून वर पाहिलं. पुसलेलं जिथे साठतं तिथेही पाहिलं. त्यांचा फोटो कुठेच नव्हता. माणसाने त्याच दिवशी शब्द पाळला होता आणि आपण नऊ दिवस त्याच्यावर संशय घेत बसलो! भीतीच एवढी होती की त्याच्यासाठी रडायलासुद्धा झालं नव्हतं.

"झालं का, काकू?"

हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मग त्या माणसाच्या नावावर खोटा डाग राहिला असता, आणि तोही त्याच्या पोराच्या मनात.

"नव्हताच तो," बाई म्हणाल्या. "त्यांनी तेव्हाच पुसला होता. मला सांगितलंही होतं. मीच विश्वास ठेवला नाही."

पडद्यामागून नाक ओढल्याचा आवाज आला. मुलगा बाहेर आला, कोट उतरवून त्याने बाईंच्या हातात दिला, फोन उचलला. डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

"सोमवारच्या आत होईल ना?"

"उद्या ने."

"येतो, काकू." दारापर्यंत जाऊन तो वळला. "तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, मीही सांगणार नाही."

तो गेल्यावर बाईंनी दार लोटलं आणि गल्ल्यामागून आपला फोन काढला. पोट आत ओढलेलं, हसू फुटलेलं. त्यांच्याकडे त्या माणसाचा हा एवढा एकच फोटो होता. त्यांनी तो पोटभर पाहून घेतला. नक्की पुसायचा का, असं फोनने विचारलं. बाईंनी हो म्हटलं. पुसलेलं जिथे साठतं तिथूनही काढून टाकला.

मग कोट मांडीवर घेऊन त्या पोटाकडची शिवण उसवायला बसल्या.