वाटीतली हवा

थोरल्या जाऊबाईंनी साखर सोडली, त्याचा घरात कुणाला पत्ता लागला नाही. त्यांचं देवाशी काय ते मनातल्या मनात ठरायचं आणि मुकाट पाळलं जायचं. या वेळचं ठरलं होतं ते असं : साबण पूर्वीसारखा उतरेपर्यंत चहा बिनसाखरेचा.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची साबणाची चूल होती. तेलाचं भलंमोठं पातेलं, कॉस्टिक सोड्याचा डबा, लांब दांड्याची लाकडी ढवळणी, आणि माप म्हणून स्टीलची एक वाटी. इतक्या तेलाला इतक्या वाट्या कॉस्टिक, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. साबण शिजला की त्याचा गार केलेला कपचा त्या जिभेच्या टोकाला लावायच्या. नुसती साबणाची चव लागली तर जमला. चटका बसला तर आत कॉस्टिक उरलंय. चटका बसल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या हाताला गुणच तसा होता.

आणि आता घाणा घातला की चटका. पुन्हा घातला, पुन्हा चटका. ढवळणं कमी पडत असेल म्हणून त्यांनी खांदे भरून येईतो ढवळलं. उपयोग शून्य. मुरला की चटका जाईल, या आशेने त्यातल्या काही वड्या गिऱ्हाइकाकडे गेल्याही होत्या.

इस्पितळाच्या धोबीखान्यातली मुकादमबाई स्वतः येऊन उभी राहिली. दोन्ही तळवे पुढे धरून म्हणाली, "बघा. कपडे धुतलेत की विस्तव कालवलाय? माझ्या सगळ्या बायकांचे हात असेच झालेत. तुमच्यावर विश्वास म्हणून परवा एकदा येते. तेव्हाही हेच असेल तर राम राम."

ती गेल्यावर दीर दाराशी आले. मनाने वाईट नव्हते, पण जीभ आवरायची नाही. "वहिनी, हाताचा गुण काय जन्मभर पुरतो? पुष्कळ केलंत. आता आराम करा. शेडमध्ये मी माझी स्कूटर लावीन म्हणतो."

"परवाही जमलं नाही तर लावा हो," जाऊबाई म्हणाल्या. "मी होऊन चूल मोडीन."

बोलल्या खऱ्या, पण त्या रिकाम्या चुलीकडे त्यांना बघवेना. त्यांचे हात काही देवळातल्या मूर्तीचे नव्हते. पण दुसऱ्याचे कपडे, दुसऱ्याचं अंग स्वच्छ व्हावं म्हणून ते झिजले, हीच आपली पूजा, असं त्या मानत. पूजा नाकारली गेल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचं नाव घेऊन त्या चूल पेटवायला बसल्या. धाकटी जाऊ वड्यांना कागद लावायची. आज तीच हातमोजे चढवून कॉस्टिक मापायला उभी राहिली. वाटी भरून उचलली आणि म्हणाली, "अगं बाई! ताई, यात काय शिसं भरलंय?"

जाऊबाईंच्या हातातली काडी विझली. "तुलाही जड लागते?"

"तुलाही म्हणजे?"

"मला कधीपासून लागतेय. मला वाटलं, मनगटं थकली माझी."

"तुमची थकली असतील, माझी कशी थकतील? मी तर काल कडेवर पोर घेऊन सगळा बाजार हिंडले!"

जाऊबाई उठल्या. डब्यात डोकावल्या. आत मोहरीएवढे पांढरे दाणे. पूर्वी पापड्या यायच्या, चपट्या, वेड्यावाकड्या. मध्यंतरी दुकानदार म्हणाला होता, पापड्या संपल्या, दाणे न्या, माल तोच. त्यावर त्यांनीही विश्वास ठेवला होता. माल तोच, वाटी तीच, मग अडचण कसली?

"जुन्या डब्याच्या तळाला थोड्या पापड्या आहेत," त्या म्हणाल्या. "झाकण घट्ट आहे, ओल लागली नसेल. आण. आणि या वाटीच्या जोडीची दुसरी वाटी आण. वड्या तोलायचा तराजूही."

एका पारड्यात दाण्यांची वाटी, दुसऱ्यात पापड्यांची. दोन्ही काठोकाठ. दाण्यांचं पारडं धपकन खाली बसलं.

"अय्या!" धाकटी म्हणाली. "दिसायला तर सारख्याच!"

"पोत्यात वाळकी पानं भर आणि वाळू भर. पोतं तेवढंच." जाऊबाईंचा आवाज चढत चालला होता. "पापड्या एकमेकींना अडून बसतात, मधे फटी राहतात. दाणे सांदीसांदीत शिरतात. पूर्वी मी अर्धीमुर्धी हवाच मापत होते गं!"

त्यांनी पापड्यांच्या पारड्यात चिमटीचिमटीने भर घातली. दांडी सरळ झाली तेव्हा वाटीचा चौथा हिस्सा जास्तीचा पडला होता. म्हणजे दर वाटीमागे पाव वाटी कॉस्टिक फाजील जात होतं. हात थकला नव्हता. हात खरं तेच सांगत होता. त्यांनीच त्याला म्हातारा ठरवून गप्प केलं होतं.

"बिघडलेला साबण टाकायचा का?" धाकटीने विचारलं.

"टाकायचा कशाला? कॉस्टिक उरलंय म्हणजे तेल कमी पडलंय. पाव पट तेल वाढव. कीस सगळ्या वड्या!"

कीस, तेल, भिजण्यापुरतं पाणी, मंद आच. दुपार कलेपर्यंत दोघी आळीपाळीने ढवळत राहिल्या. आधी फुटलं, गुठळ्या झाल्या. धाकटीचं तोंड उतरलं. मग हळूहळू ते मिळून आलं, चकाकलं, ढवळणीवरून सुळकन घसरू लागलं. कपचा गार झाला. जाऊबाईंनी डोळे मिटून जीभ लावली. आणि पुन्हा लावली.

"ताई, बोला ना काहीतरी!"

"साबण," जाऊबाई म्हणाल्या. "नुसता साबण!"

ठरल्याप्रमाणे मुकादमबाई आली. सोललेल्या तळव्यावर तिने भीत भीत फेस केला, चोळला, वाट पाहिली. मग काय वाटलं कोण जाणे, तिनेही वडीला जीभ लावली आणि "शी!" करून खळखळून हसली. "घाला सगळ्या पेटीत. आणि पुढच्या महिन्याच्याही माझ्याच."

दीर स्कूटर हाताने ढकलत शेडपर्यंत आलेच होते. जाऊबाई ढवळणी खांद्याला लावून दारात उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेजारपाजारी ऐकू गेला.

"भाऊजी, ती बाहेरच राहू द्या. इथे काम आहे!"

मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "चहा टाक. साखर माझ्या कपात मी घालीन. तोलूनमापून नाही हो, हातानं."